थर्माकोलच्या जागी बुरशीचे पॅकिंग: धिंगरीच्या शेडमध्ये हे करता येईल का?

प्रश्न : धिंगरी उत्पादक, निफाड तालुका

नमस्कार. आमचा महिला बचत गट निफाड तालुक्यात धिंगरी आळंबीचे उत्पादन घेतो. गव्हाचे काड आणि सोयाबीनचे भुसकट भिजवून, निर्जंतुक करून आम्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत बेड भरतो आणि दोन-तीन बहार निघाले की उरलेला बेड गांडूळखताकडे जातो. हा बेड फाडताना असे दिसते की भरताना सुटे असलेले काड आता सलग ठोकळा झालेले असते. बोटाने कोपरा उकलायला गेले तर काडी मोडते, पण शेजारच्या काडीपासून सुटत नाही, कारण पांढऱ्या तंतूंनी दोन्हींना घट्ट बांधलेले असते.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत काचेचे शोभेचे दिवे तयार करणारे एक लघुउद्योजक आमच्याकडे आळंबी घ्यायला येतात. त्यांचे दिवे थर्माकोलच्या खाचांत बसवून कुरिअरने जातात. परदेशी ग्राहकांनी थर्माकोल नको असे कळवल्यापासून ते पर्यायाच्या शोधात आहेत आणि आमचा बेड पाहून त्यांनीच विचारले की असेच काही दिव्याच्या आकारात वाढवता येईल का. अमेरिकेत आणि युरोपात बुरशीपासून केलेले पॅकिंग विकले जाते, हे वाचून ठाऊक आहे. परंतु आमच्यासारख्या शेडमध्ये, आमच्या हवेत आणि आमच्या भांडवलात ते कितपत शक्य आहे, याचे उत्तर कुठे सापडले नाही.

बहार संपलेले बेड यासाठी चालतील, की नव्याने भरावे लागतील? धिंगरीचीच बुरशी पुरेशी आहे, की दुसरी लागते? आम्ही काड बाविस्टीन आणि फॉर्मॅलिनच्या द्रावणात भिजवतो, ते इथे चालेल का? पावसाळ्यात हा माल टिकेल का? ज्यांचा विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गटातील बायका नवे काम शिकायला उत्सुक आहेत, पण त्यांच्या बचतीचे पैसे नुसत्या अंदाजावर लावायची माझी तयारी नाही.

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका, पुणे

ताई, तुम्ही बेडच्या ठोकळ्याचे जे वर्णन केले आहे, त्यातच या तंत्राचा गाभा आहे. आपण आळंबी म्हणून जे खातो ते बुरशीचे फळ. तिचे खरे शरीर म्हणजे काडात पसरलेले कवकजाल. त्याचे तंतू केसाहूनही कितीतरी बारीक असतात, टोकाकडून वाढत जातात, वाटेत फांद्या फोडतात आणि एकमेकांना जोडलेही जातात. त्यांच्या भिंती कायटिन आणि ग्लुकान या पदार्थांच्या असतात. खेकडा आणि कोळंबी यांच्या कवचातही कायटिनच असते. हे तंतू काडात शिरून विकरे सोडतात, लिग्निन व सेल्युलोज पचवतात आणि पचवतापचवता काडाचे तुकडे बांधून टाकतात. योग्य वेळी उष्णता देऊन ही वाढ थांबवली की उरतो तो हलका, कोरडा, एकसंध पदार्थ, ज्यात बाहेरून घातलेला कोणताही डिंक किंवा रेझिन नसते. न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलीर पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या एबेन बेयर आणि गॅव्हिन मॅकइंटायर या दोघांनी २००७ मध्ये इकोव्हेटिव्ह ही कंपनी सुरू केली, ती याच तत्त्वावर.

बहार संपलेल्या बेडबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. दोन-तीन बहार देईपर्यंत बुरशीने काडातील बराचसा कस खाल्लेला असतो, काड आतून पोकळ व ठिसूळ झालेले असते आणि तंतूही थकलेले असतात. शिवाय अशा बेडमध्ये हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, कुठे ना कुठे शिरलेली असतेच. पॅकिंगसाठी काड जितके कमी खाल्लेले आणि तंतू जितके दाट, तितका माल चांगला, म्हणून वाढ आळंबी येण्याच्या पुष्कळ आधी थांबवावी लागते. याचा दुसरा लाभ आरोग्याचा आहे. आळंबी उघडली की तिचे बीजाणू हवेत जातात आणि धिंगरीच्या शेडमध्ये सतत काम करणाऱ्यांना त्यामुळे खोकला व फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. फळच येऊ दिले नाही तर हा धोका उरत नाही. तुमच्या शेडमध्ये आळंबीही घेतली जाणार असल्याने दोन्ही कामांच्या खोल्या वेगळ्या ठेवा.

बुरशीच्या जातीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक माहितीत हा भाग गाळलेला असतो. धिंगरीच्या शरीरात एकाच प्रकारचे, पातळ भिंतीचे तंतू असतात. गॅनोडर्मा, जिला बाजारात रेशी म्हणतात, आणि पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यावर रंगीत पट्ट्यांच्या पंख्यांसारखी दिसणारी ट्रॅमेटीस, या दोघींत तीन प्रकारचे तंतू असतात: वाढणारे, जाड भिंतीचे आधार देणारे, आणि त्या दोघांना बांधणारे. साहजिकच त्यांचा ठोकळा अधिक कणखर होतो. म्हणून व्यावसायिक पॅकिंगमध्ये व संशोधनात या दोन जातींवर भर दिसतो. तरीही तुम्ही आरंभ धिंगरीने करावा असे मला वाटते, कारण ती वेगाने वाढते, तिचे स्पॉन, म्हणजे बियाणे, तुम्हाला सहज मिळते आणि तिची नाडी तुमच्या गटाला ठाऊक आहे. नमुने हाताशी आल्यावर त्याच साच्यांत गॅनोडर्मा लावून पाहा आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासा.

कृती तुमच्या कामाहून फार निराळी नाही. काड एक-दीड सेंटिमीटरपर्यंत बारीक करावे, ६० ते ६५ टक्के ओलावा ठेवून ते वाफेवर निर्जंतुक करावे आणि थंड झाल्यावर स्पॉन मिसळून बंद पिशवीत आठवडाभर वाढू द्यावे. पिशवी पांढरी झाली की तो गोळा स्वच्छ हातांनी मोडावा, थोडे पीठ मिसळावे आणि साच्यात दाबून भरावा. तुटलेले तंतू तीन-चार दिवसांत पुन्हा जुळतात. मग साच्यातून काढून आणखी एक-दोन दिवस दमट, झाकलेल्या जागी ठेवले की पृष्ठभागावर मखमली पांढरी साय धरते. ही साय महत्त्वाची आहे, कारण तंतूंच्या बाहेरील अंगावर पाणी दूर सारणारी प्रथिने असतात आणि वरून पडलेला थेंब काही काळ तसाच उभा राहतो. या सर्व काळात तापमान २४ ते २८ अंश असावे, उजेड नसावा आणि हवा फार खेळती नसावी. तुमच्या शेडमध्ये आळंबी धरावी म्हणून तुम्ही खिडक्या उघडता, इथे त्या बंद ठेवायच्या.

बाविस्टीन आणि फॉर्मॅलिन मात्र इथे वापरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बाविस्टीन हे बुरशीनाशकच आहे. त्याची मात्रा धिंगरीला सोसेल अशी बेतलेली आहे, इतर जातींबाबत तीच गृहीत धरता येत नाही. फॉर्मॅलिन माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत मोडते. जो माल मातीत घालून खत होईल असे सांगून विकायचा, त्यात ही द्रव्ये असणे ग्राहकाशी प्रामाणिक ठरणार नाही. वाफेची किंवा ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याची पद्धत स्वीकारा. इंधनाचा खर्च वाढेल, पण तो टाळण्याजोगा नाही.

उत्तर : पॅकिंग अभियंता, चाकण

वरील उत्तरानंतर जीवशास्त्राबद्दल मला काही भर घालायची नाही. मी पॅकिंगच्या बाजूने लिहितो.

थर्माकोलचा एक घनमीटर साधारण १५ ते ३० किलो भरतो. बुरशीचे पॅकिंग काडाच्या प्रकारानुसार आणि दाबण्यानुसार ६० पासून २०० किलोपर्यंत जाते. म्हणजे थर्माकोलचा आहे तोच आकार घेऊन तो बुरशीत वाढवला तर खोके जड होईल, कुरिअरचा खर्च वाढेल आणि तुमचे उद्योजक पहिल्याच महिन्यात नको म्हणतील. आकार नव्याने आखावा लागतो. दिव्याला चारही बाजूंनी वेढू नका; तळाला आणि माथ्याला प्रत्येकी एक वाटी द्या, तिला बाहेरून कंगोरे ठेवा, मधली जागा मोकळी सोडा आणि सर्व काही मजबूत पन्हळी खोक्यात बसवा. धक्का कंगोरे दबून शोषला जातो. थर्माकोल दबल्यावर बऱ्याच अंशी परत फुगतो, हा पदार्थ तितका फुगत नाही. एका प्रवासासाठी तो उत्तम आहे, पाच प्रवासांसाठी नाही.

ही कल्पना कागदावरची नाही. डेल या संगणक कंपनीने २०११ मध्ये सर्व्हरसारखा जड माल अशा पॅकिंगमध्ये पाठवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे धरक्षा ही कंपनी पंजाब-हरियाणातील शेतांत जाळली जाणारी पराळी, म्हणजे भाताचे काड, आणि बुरशी यांपासून पॅकिंग बनवते. म्हणजे भारतीय काडावर आणि भारतीय हवेत हे होते, हा मुद्दा निकालात निघालेला आहे.

आता ज्या गोष्टीवर तुमचा निर्णय अवलंबून राहील, ती सांगतो. थर्माकोलचा साचा यंत्रात बसतो, वाफ सुटते आणि एक-दोन मिनिटांत नग बाहेर पडतो. तोच साचा दिवसभर शेकडो नग देतो. तुमचा साचा एका नगासाठी चार-पाच दिवस अडकून राहणार. रोज १०० नग हवे असतील तर ५०० साचे लागतील, ते ठेवायला मांडण्या लागतील, त्या मांडण्यांना स्वच्छ खोली लागेल आणि प्रत्येक साचा पुन्हा भरण्यापूर्वी धुऊन निर्जंतुक करावा लागेल. काड तुम्हाला जवळजवळ फुकट आहे म्हणून हा माल स्वस्त पडेल, असे समजू नका. खरा खर्च साचे, जागा, वाफ आणि वाळवण यांचा आहे. म्हणून उद्योजकांना रोजचे नेमके किती नग हवेत आणि दिव्याच्या किमतीच्या किती टक्के ते पॅकिंगवर घालू शकतात, हे लेखी घ्या. महागड्या काचेच्या वस्तूला हा हिशेब जमू शकतो. दोनशे रुपयांच्या कपबश्यांना तो जमणार नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. साच्यांचा हिशेब माझ्या ध्यानात आलाच नसता. वाळवणाचा प्रश्न अजून उरतो. आळंबी विकताना आम्हाला वाळवणाची फार गरज पडत नाही आणि आमच्याकडे ड्रायर नाही. शिवाय गटातील एका सदस्येचे घर बांधायचे आहे. बुरशीच्या विटा होतात असे तिने कुठेतरी पाहिले आहे, त्याबद्दलही कोणी सांगावे.

उत्तर : वास्तुरचनाकार, रत्नागिरी

विटांचे जे छायाचित्र सर्वत्र फिरते ते बहुधा न्यूयॉर्कमधील 'हाय-फाय' या मनोऱ्याचे असते. २०१४ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बेंजामिन यांच्या 'द लिव्हिंग' या संस्थेने मोमा पीएस-१ या संग्रहालयाच्या अंगणात मक्याची धाटे आणि कवकजाल यांच्या सुमारे १०,००० विटांचा हा मनोरा उभारला. तो सुमारे १३ मीटर उंच होता आणि हंगाम संपल्यावर उतरवून त्याचे खत करण्यात आले. मला ते काम अतिशय मोलाचे वाटते. परंतु तो काही महिन्यांपुरता, कोणाचेही छप्पर न पेलणारा मांडव होता, हे विसरता कामा नये.

भाजलेल्या विटेचा आपल्या मानकातील सर्वांत खालचा वर्गदेखील प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन भार पेलतो. पॅकिंगच्या प्रतीच्या बुरशीच्या ठोकळ्याची ताकद त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. घराच्या भिंतीसाठी बुरशीच्या विटेचा विचार करू नये. त्यातून आमच्या कोकणात चार महिने हवा इतकी दमट असते की लाकडी कपाटाच्या आतही बुरसा येतो, आणि वाळवीला काड म्हणजे जेवणच. उघड्यावर हा पदार्थ पाणी शोषतो आणि कुजतो. त्याने कुजावे हाच तर त्याचा गुण आहे.

जिथे तो खरोखर शोभतो ती जागा घराच्या आत, कोरड्या बाजूला आहे. इटलीतील मोगू ही कंपनी त्यापासून आवाज शोषणारे भिंतीचे तक्ते बनवते. तंतूंच्या जाळ्यातील पोकळ्यांत आवाज जिरतो, उष्णतेलाही ते बऱ्यापैकी अडवते आणि आग लागली तर थर्माकोलप्रमाणे वितळून पेटते थेंब गाळत नाही. वरचा थर कोळसा होतो आणि आतल्या भागाकडे जाणारी आग मंदावते. ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, लहान सभागृहे, शाळांतील संगीताचे वर्ग अशा ठिकाणी मी हे तक्ते आनंदाने सुचवेन. सदस्येच्या घरासाठी मात्र त्यांच्या भागातील नेहमीची वीटच योग्य.

उत्तर : मखर कारागीर, गिरगाव

पॅकिंगचा विषय चालू आहे, पण तुमच्या गटाला उपयोगी पडेल म्हणून आमच्या व्यवसायाबद्दल लिहितो. मार्च २०१८ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात तीच बंदी लागू झाली. यंत्राभोवतीचे किंवा दिव्याभोवतीचे थर्माकोल त्या २०२२ च्या यादीत नाही, म्हणून पॅकिंगवाल्यांना अजून निवड आहे. आम्हाला ती राहिलेली नाही. कित्येक कारागीर पुठ्ठा, कापड आणि बांबूकडे वळले, तर कित्येकांनी फोमशीट घेतले, जे शेवटी प्लास्टिकच आहे आणि याचे मला वाईट वाटते.

थर्माकोलमध्ये आम्ही तापलेल्या तारेने जाळी आणि महिरप कापायचो. तुमचा पदार्थ तारेने कापला जाणार नाही, त्यामुळे नाजूक जाळीकाम त्यात होणार नाही. पण मखरात एकच नग वारंवार लागतो: खांबाची बैठक, कमानीचे दोन अर्धे, कळस, कमळाची पाकळी. हे सर्व साच्यातले काम आहे. मखर विसर्जित होत नाही, घरात कोरडे राहते, दहा दिवस उभे असते, म्हणजे वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी इथे येत नाहीत. मागणी एकाच हंगामात असली तरी नग कोरडे ठेवले तर माघ-फाल्गुनापासून करून साठवता येतील, आणि पाचशे साचे न घेता थोड्या साच्यांवर वर्षभर काम चालू राहील. वरच्या पांढऱ्या सायीवर गेरू आणि खडूचे रंग कसे बसतात हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे. नमुने झाले तर रंगकामाची चाचणी मी करून देईन.

प्रश्न : चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर

याच बुरशीपासून चामडे होते असे ऐकतो. कोल्हापुरी चपलेला ते चालेल का?

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका, पुणे

त्याची पद्धत वेगळी आहे. तिथे काडाचा ठोकळा नको असतो, तर तंतूंची सलग चादर हवी असते, आणि ती वाढवण्यासाठी हवा, ओलावा व कर्बवायू यांचे काटेकोर नियंत्रण असलेल्या खोल्या लागतात. कॅलिफोर्नियातील मायकोवर्क्स या कंपनीने २०२१ मध्ये अर्मेस या फ्रेंच कंपनीसोबत अशा चादरीची पिशवी जाहीर केली आणि २०२३ मध्ये साउथ कॅरोलिनात मोठा कारखाना उघडला. त्याच वर्षी बोल्ट थ्रेड्स या दुसऱ्या कंपनीला भांडवलाअभावी मायलो या नावाच्या चादरीचे उत्पादन थांबवावे लागले, जरी स्टेला मॅकार्टनी आणि आदिदास यांच्यासारखे ग्राहक तिच्या पाठीशी होते. यावरून किती पैसा आणि धीर लागतो हे दिसते. रोमानियातील कोरोंड गावचे कारागीर जंगलातील झाडांवरच्या एका बुरशीचा गर ठोकून आणि ताणून पिढ्यान्‌पिढ्या टोप्या करत आले आहेत. ती हस्तकला मला फार आवडते, पण टोपीला जे चालते ते तळव्याला चालत नाही.

कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते, वर्षानुवर्षे झिजते आणि दुरुस्तही होते. त्या तळाची जागा घेईल अशी बुरशीची चादर आज तरी मला दिसत नाही. वरच्या पट्ट्याच्या आतील अस्तरासाठी कधीतरी प्रयोग करता येईल.

उत्तर : पॅकिंग अभियंता, चाकण

ताईंचा वाळवणाचा प्रश्न राहिला होता. साच्यातून काढलेल्या नगात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते. ते पाणी घालवणे आणि बुरशी मारणे ही दोन कामे वेगळी धरली तर खर्च आटोक्यात येतो. तुमच्या भागात बेदाण्याच्या शेड आहेत आणि हंगाम संपला की त्या रिकाम्या असतात. जाळ्यांच्या मांडण्यांवर, सावलीत, खेळत्या हवेत पहिले पाणी तिथे फुकट जाईल. मात्र नग तिथे फार काळ ठेवू नका, कारण जिवंत बुरशीला ओल आणि मोकळी हवा मिळाली की ती आळंबी धरू लागते. त्यानंतर गरम हवेच्या ट्रे-ड्रायरमध्ये ७० ते ८० अंशांवर काही तास ठेवून नग आतपर्यंत कोरडा करा. कांदा वाळवणाऱ्या कारखान्यांकडे असे ड्रायर असतात आणि तेही वर्षभर चालू नसतात. आरंभी भाड्याने मिळतो का पाहा. नग कोरडा झाला हे हाताला कळत नाही. तो तोला, पुन्हा ड्रायरमध्ये ठेवा, पुन्हा तोला. वजन उतरायचे थांबले की काम झाले. लगेच बंद पिशवीत भरा, विशेषतः जूननंतर.

चाचणीला महागडी प्रयोगशाळा आरंभी लागत नाही. दिवा, वाट्या आणि खोके मिळून दहा किलोंच्या आत असेल तर कुरिअरच्या प्रचलित चाचणीत ते ७६ सेंटिमीटरवरून, म्हणजे टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा कठीण जमिनीवर सोडतात: एकदा एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर एकेकदा आणि सहाही बाजूंवर एकेकदा. निम्मी खोकी कोरडी असतानाच सोडा, निम्मी आठवडाभर ओल्या पोत्यांच्या खोलीत ठेवून मग सोडा. दुसऱ्या निम्म्यातले दिवे शाबूत राहिले तर उद्योजकांकडे दराची बोलणी करायला जा, आणि इकोव्हेटिव्हसारख्या कंपन्यांकडे पद्धतींची पेटंटे असल्यामुळे मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी आपली कृती एखाद्या जाणकार वकिलाला दाखवून घ्या.